एलईडी बल्ब वर्षभरात का जातात? आणि जुन्या सीएफएल, ट्यूब टाकायच्या कुठे?

प्रश्न (सदाशिव_पेठकर):
फ्लॅटमध्ये १४ वॅटचे पाच सीएफएल आणि तांब्याच्या चोकच्या ३६ वॅटच्या चार ट्यूब चालू आहेत. बंद पडलेले तीन सीएफएल डब्यात पडून आहेत. सगळं एलईडी करायचंय, पण आधी काय बदलू? बाथरूममध्ये बंद काचेच्या गोळ्यात ९ वॅटचा एलईडी लावला, तो दोनदा वर्षाच्या आत गेला. हॉलमधला एलईडी बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणतो. आणि जुना माल द्यायचा कुठे?

वायरमन_४४:
आधी ट्यूब बदला. ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ४८ च्या आसपास वॅट खाते. जागेवर २० वॅटची एलईडी पट्टी आली की रोज सहा तासांच्या हिशोबाने एका ट्यूबमागे वर्षाला साठेक युनिट वाचतात. १४ चा सीएफएल काढून ९ चा एलईडी लावला तर जेमतेम अकरा. म्हणून चालू सीएफएल जाईपर्यंत वापरा, फक्त बाथरूममध्ये नको. सारखी चालू-बंद झाली की त्याचं आयुष्य भराभर घटतं.

बंद गोळ्यातला एलईडी उष्णतेने जातो. प्रकाश देणाऱ्या चिप्स सहसा टिकतात. आधी ड्रायव्हरमधला (बल्बच्या बुडातलं वीज पुरवणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे आत द्रव असलेला छोटा भाग, सुकतो, मग बल्ब लुकलुकतो आणि जातो. हवा खेळेल असं फिटिंग घ्या, नाहीतर त्याच गोळ्यात ५ वॅटचा लावा. खोक्यावर आयएस १६१०२ हे एलईडी बल्बचं भारतीय मानक, बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' नोंदणी क्रमांक आणि सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, किती केव्हीपर्यंत (हजार व्होल्ट) सोसतो ते बघूनच घ्या.

मिणमिणणं बहुतेकदा दोन कारणांनी होतं. एक, बटणातला निऑन इंडिकेटर (बटण बंद असताना पेटणारा बारीक दिवा): त्यातून अगदी थोडा करंट जातो आणि एलईडीला तेवढा पुरतो. दुसरं जास्त गंभीर: बटण फेजऐवजी (करंट असलेली तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलंय. बल्ब काढून, बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिना टेस्टरने तपासा. एका पिनेवर टेस्टर ठळक पेटला तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज आहे. वायरमनकडून ते उलटं करून घ्या, तोवर बल्ब बदलताना एमसीबी (मीटरजवळचं मुख्य बटण) पाडा.

सोल्डर_गन:
गेलेला एलईडी फेकायच्या आधी वरची टोपी काढून बघा. चिप्स सिरीजमध्ये (एकाच साखळीत) असतात, एक जळाली की सगळा बल्ब बंद. जळालेल्या चिपवर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. तिच्या दोन टोकांना सोल्डरचा जोड दिला की पेटतो.

वायरमन_४४:
पेटतो, पण घरात हे कुणी करू नये. अशा बहुतेक बल्बांत ट्रान्सफॉर्मर नसतो, प्लेटवरच्या चिप्स थेट २३० व्होल्टशी जोडलेल्या असतात. टोपी पक्की बसली नाही आणि ओला हात लागला तर जीवावर बेतेल. शिवाय ज्या उष्णतेने पहिली चिप गेली ती उष्णता तशीच राहते.

कचरा_वेगळा:
सीएफएल आणि ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, एलईडीत नसतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सीएफएल, ट्यूब 'घरगुती घातक कचऱ्या'त धरल्या होत्या; सुक्या कचऱ्यात त्या नकोतच. भंगारातही देऊ नका. तिथे टोकाच्या धातूसाठी ट्यूब फोडली जाते आणि पाऱ्याची वाफ फोडणाऱ्याच्याच छातीत जाते. एलईडी ई-कचऱ्यात द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांची यादी आहे. फोन करून "पाऱ्याचे दिवे घेता का?" हेच विचारा, कारण सगळ्यांकडे त्याची सोय नसते. तोवर नव्या पट्टीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी ट्यूब सरकवून, मुलांचा हात लागणार नाही अशा कोपऱ्यात उभी बांधून ठेवा. सीएफएल काढताना काच पिळू नका, खालचं प्लॅस्टिक धरून दाबा आणि फिरवा.

सदाशिव_पेठकर:
आणि काढताना हातातून पडून फुटला तर?

कचरा_वेगळा:
पंखा, एसी बंद, खिडक्या उघड्या, माणसं पंधरा मिनिटं बाहेर. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच नको, पांढरी पूड उडून घरभर होते आणि पारा त्या पुडीतच असतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने उचला, मग ओल्या कागदाने फरशी पुसा. सगळं, तो कागदसुद्धा, झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून बाकीच्या दिव्यांबरोबर द्या. गादीवर फुटला असेल तर चादर झटकू नका, धुवायलाही टाकू नका. काचा आणि पूड लागलेली चादर पिशवीत बांधून त्याच कचऱ्यात घाला.