बारीक जाळीने हवा वाढत नाही
महिंद्रा थार या गाडीची मूळ प्लॅस्टिकची ग्रिल (पुढची जाळी) काढून बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवल्यास रेडिएटरला (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाला) अधिक हवा मिळेल, असे काही जण सांगतात. ग्रिल काढताना तिच्या क्लिपा न तोडता सावकाश काम करण्याचा त्यांचा सल्ला योग्यच आहे, परंतु हवेविषयीचे विधान मला पटत नाही. जाळीची तार १ मिमी आणि छिद्र ४ मिमी असेल, तर मोकळा भाग ६४ टक्केच उरतो. तीच तार ठेवून छिद्र १० मिमी घेतले, तर तो ८३ टक्क्यांच्या आसपास जातो. बारीक जाळीत चिखल आणि किडे अडकले की हा आकडा आणखी घसरतो, आणि रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) असल्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याचा परिणाम एसीच्या गारव्यावरही होतो.

अनेक गाड्यांत ग्रिलमागे कडेने फोमच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि नवी ग्रिल बसवताना त्या निरुपयोगी समजून काढून टाकल्या जातात, हे मला विशेष खटकते. त्या नसल्या, तर आत आलेली हवा रेडिएटरमधून न जाता त्याच्या बाजूने निघून जाते. शिवाय ज्या गाडीत चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेचा रडार ग्रिलमध्ये किंवा बोधचिन्हामागे असतो, तिथे धातूची जाळी त्याच्यासमोर मुळीच येऊ देऊ नये.