‘तटस्थ’ नगरसेवक नेमका कुठे उभा असतो?

प्रश्न : महापौर निवडणुकीच्या बातमीत वाचलं, ‘तटस्थ राहून सत्ताधाऱ्यांना मदत केली.’ मदत केली तर तटस्थ कसले? शब्द चुकलाय की अर्थ बदललाय? आणि ‘गैरहजर’ राहणं वेगळं का?

– तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला, पाण्यात न उतरलेला. पण मराठीत किल्ल्यालाही तट असतो आणि ‘गावात दोन तट पडले’ असंही आपण म्हणतो. महापालिकेतला तटस्थ पहिल्या अर्थाने काठावर असला, तरी या शेवटच्या अर्थाने बहुतेकदा कुठल्यातरी तटातलाच निघतो.

– बातमीतला शब्द बरोबर आहे, गोम गणितात आहे. महाराष्ट्रात महापौर नगरसेवक निवडतात, सभागृहात हात वर करून. समजा सदस्य १००. एका पक्षाचे ४५, दुसऱ्याचे ४०, तिसऱ्याचे १५. बहुमत ५१ला, म्हणजे कुणाकडेच नाही. तिसऱ्याने हात खाली ठेवले की ४५वाला निवडून आला! पाठिंब्याचं पत्र नाही, एकत्र फोटो नाही. उद्या मतदारांपुढे ‘आम्ही कुणालाच मत दिलं नाही’ म्हणायला मोकळे. त्या बदल्यात एखादी समिती पदरात पडली, तर ती चर्चा वेगळ्या खोलीतली.

– गैरहजेरीबद्दल. तटस्थ माणूस सभागृहात बसलेला असतो, गैरहजर आलेलाच नसतो. माझ्या कानाला आणखी एक फरक जाणवतो : पक्ष ठरवून तटस्थ राहतो, गैरहजर मात्र एकटादुकटा राहतो, आणि त्याचा फोन नेमका त्याच दिवशी बंद असतो. कायद्याला या छटेचं कौतुक नाही. पक्षांतरबंदीच्या १९८६च्या राज्य कायद्यानुसार व्हीप (पक्षाचा आदेश) डावलून विरोधात मत दिलं काय किंवा मतदानच टाळलं काय, अपात्रतेची टांगती तलवार दोन्हीकडे. तरीही लोक धाडस करतात. सांगलीत २०२१ साली भाजपकडे बहुमत असताना राष्ट्रवादीचा महापौर ३९ विरुद्ध ३६ असा निवडून आला.

– जाता जाता : आदेश तो व्हीप किंवा पक्षादेश, तो बजावणारा प्रतोद. ‘प्रतोद बजावला’ असं लिहिलेलं दिसलं की दात शिवशिवतात.

– मुंबईचं २०१७ विसरू नका. २२७च्या सभागृहात शिवसेना ८४, भाजप ८२. भाजपने उमेदवारच दिला नाही, मत शिवसेनेच्या उमेदवाराला दिलं आणि स्वतःला म्हणवून घेतलं ‘पहारेकरी’. सत्तेत नाही, विरोधात नाही, तटस्थ तर नाहीच. या जागेसाठी मराठीत शब्द नव्हता, म्हणून वाड्याच्या दारावरचा उचलून आणला. मला तरी तो फार हुशार वाटला.

– शेवटपर्यंत ठरत नसेल त्याला ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणावं, तटस्थ नाही. तटस्थाचं ठरलेलं असतं. आणि बहुमत काठावरचं असलं की काठावर उभ्या असलेल्यांनाच भाव येतो, हेही त्याच ‘काठा’चं देणं.

प्रश्नकर्ता : मग बातमीत काय लिहावं?

– ‘मतदानात भाग घेतला नाही, त्यामुळे अमुक उमेदवार विजयी झाला.’ दोन्ही गोष्टी सांगा, ‘मदत’ शब्द वाचकावर सोडा.