वाफेचं इंजिन बघायला उटी, मदत हवी आहे

मंडळी, नाशिकहून आम्ही दोघंच निघायचं ठरवतोय, आमच्या ह्यांना रेल्वेचं भयंकर वेड, म्हणजे कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर (घाटात मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागले की हे दर वेळी खाली उतरून बघून येणार आणि मग इगतपुरीपर्यंत १:३७ चा चढ मला समजावणार, तर आता जरा खरं वाफेचं इंजिन दाखवावं म्हटलं.

जाताना मुंबईत सीएसएमटीची इमारत नीट बघायची (१८५३ ला पहिली गाडी तिथूनच, म्हणजे तेव्हाच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली), मग कोईंबतूर आणि तिथून मेट्टुपालयम, उटीची गाडी तिथूनच सुटते. उटीच्या गाडीला कुन्नूरपर्यंतच वाफेचं इंजिन असतं ना, पुढे डिझेल? म्हणजे कुन्नूरला उतरून परत यावं की उटीपर्यंत जावंच? चढताना इंजिन मागून ढकलतं म्हणे, कारण तिथे रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे आणि चढ १:१२ चा, मग इंजिन दिसायचं तर शेवटच्या डब्यात सीट घ्यावी का? ती सीट मागितली तर मिळते का कुणाला?

राहायचं मेट्टुपालयमला की कोईंबतूरला, गाडी सकाळी लवकर असते म्हणून विचारतेय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पाऊस आणि दरडी, त्यामुळे जानेवारीच बरा वाटतो. दार्जिलिंग पण डोक्यात होतं पण माझे गुडघे आणि तिथली थंडी, नको रे बाबा.

रिझर्वेशन किती आधी करावं लागतं, जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, ह्यांना अजून काही बोलले नाहीये.