परदेशी ‘एरर’ नाणी : नवख्यांनी घ्यावीत का?

चकतीवेडा :
परवा एका मित्राने ब्रिटनचं दोन पौंडांचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. राणीचा चेहरा वर धरला की कडेवरची अक्षरं उलटी दिसतात, म्हणून ‘मिंट एरर’, म्हणजे टाकसाळीतच चुकून सदोष पडलेलं नाणं. साडेचार हजार रुपये मोजले होते त्याने. मला सांगवत नव्हतं, तरी सांगावं लागलं : त्या नाण्याच्या कडेवर अक्षरं आधी उमटवतात, चित्राचा ठसा नंतर बसतो. चकती यंत्रात कुठली बाजू वर करून जाईल याचा नेम नसतो. म्हणजे साधारण निम्म्या नाण्यांवर अक्षरं उलटीच येणार. नाणं खरं, अस्सल टाकसाळीचं, फक्त एरर नाही.

म्हणून माझं मत मांडतो. नवख्याने परदेशी एरर नाण्यांत पैसे घालूच नयेत. आपली एक-दोन रुपयांची हजारो नाणी हाताखालून गेलेली असतात, वेगळं काही असलं की डोळ्याला खटकतं. परक्या नाण्याचं रोजचं रूपच आपण पाहिलेलं नसतं. ग्रीसच्या २००२ च्या दोन युरोवर एका ताऱ्यात बारीक ‘एस’ आहे. तोही एरर म्हणून चढ्या किमतीला विकायला काढतात. मुळात ती नाणी ग्रीससाठी फिनलंडमध्ये पाडली होती, आणि ‘एस’ म्हणजे सुओमी, फिनलंडचं स्वतःचं नाव.

भिंगवाली :
मित्राचं वाईट वाटलं, पण तुमचा निष्कर्ष पटला नाही. ‘घेऊच नका’ म्हटल्याने घेणारा थांबत नाही, त्याचं शिकणं तेवढं राहून जातं. देश कुठलाही असो, आजची नाणी थोड्याफार फरकाने एकाच रीतीने बनतात. धातूच्या पट्टीतून चकती कापतात, तिची कड दाबून उचलतात, मग भोवती कडं बसवून दोन ठशांमध्ये ठोकतात. समोरचा दोष यातल्या कुठल्या पायरीवर घडू शकतो, हे स्वतःला विचारायचं. कुठेच बसत नसेल तर तो टाकसाळीबाहेर घडलाय.

उदाहरणार्थ, कडेला चंद्रकोरीसारखा घास पडलेली नाणी बघा. पट्टी नीट पुढे सरकली नाही की कापणी आधीच्या भोकावर पडते आणि चकती अपुरी निघते. पुढे कड उचलताना घासाच्या जागी दाबायला धातूच नसतो, त्यामुळे बरोबर समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही. तिथली कड पुसट राहते. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. बहुतेक खऱ्या नाण्यांवर तो दिसतो. कोणी घरी कानस चालवून घास पाडला असेल तर समोरची कड ठसठशीतच असते, ती आधीच तयार झालेली होती ना!

व्हाइसमध्ये, म्हणजे कारागिराच्या लोखंडी पकडीत, दोन नाणी एकमेकांवर दाबून केलेला ‘एरर’ही असाच पकडता येतो. खोलगट उलटी अक्षरं मूळ चित्राच्या अंगावर चढलेली दिसतात आणि उठाव चेपलेला असतो. टाकसाळीत आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं तर पुढच्या नाण्याच्या त्या बाजूला मूळ चित्र उमटतच नाही.

चकतीवेडा :
घडण कळली की सगळं कळतं, हे मला मान्य नाही. अमेरिकेचा १९४३ चा सेंट घ्या. युद्धामुळे त्या वर्षी सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे पाडले. चुकून काही ब्राँझच्या चकतीवर उमटले आणि त्यांना आज प्रचंड किंमत आहे. पोलादी सेंटवर तांबं चढवलेला नकली माल चुंबकाला चिकटतो, तो सोपा. पण १९४८ च्या ब्राँझ सेंटचा ८ कोरून ३ केला तर? चुंबकाला चिकटत नाही. वजनही बरोबर ३.११ ग्रॅम. सगळ्या परीक्षा पास!

भिंगवाली :
आकडा बघा की. १९४३ च्या सेंटवर ३ ची शेपटी बाकी आकड्यांच्या खाली उतरते. ८ मधून कोरलेल्या ३ ला ती शेपटी आणणार कुठून? आणि हे शिकायला साधा पोलादी सेंट शेजारी ठेवला की झालं. तो करोडोंनी पाडलेला, स्वस्तात मिळतो. परक्या नाण्याचं रोजचं रूप माहीत नाही म्हणता, पण ते विकत मिळतं, आणि एररपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं.

वजनकाटा :
दोघांनीही दुहेरी अक्षरांचा विषय सोडलात. सर्वांत जास्त फसवणूक तिथे आहे. १९५५ चा अमेरिकी सेंट, दुहेरी ठशाचा, म्हणजे ठसा बनवतानाच चित्र दोनदा बसलेलं. त्यात अक्षरं भरीव असतात आणि टोकं फाटल्यासारखी दुभंगलेली. ठोकताना ठसा जरासा हलला तर मात्र अक्षराच्या कडेला सपाट पायरी पडते आणि मूळ अक्षर बारीक होतं. त्याला काही किंमत नाही. त्याच वर्षाचे काही सेंट झिजलेल्या ठशाचे आहेत, त्यांत शेवटचा ५ दुहेरी वाटतो. तेही लोक १९५५ च्या नावावर घेतात. मी घेतलाय.

त्यामुळे माझा कल चकतीवेडा यांच्याकडे. मोठी रक्कम असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून देणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलंच घ्या. डबीही बनावट येते, तेव्हा तिच्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळून बघा.

लेस्टरकर :
इंग्लंडात राहतो म्हणून बोलतो. इथे वीस पेन्सच्या नाण्याचा खरा एरर आहे. २००८ मध्ये मागची बाजू बदलली, ढालीचा तुकडा आला आणि साल राणीच्या बाजूला गेलं. त्या वेळी नव्या मागच्या बाजूशी राणीचा जुना ठसा जोडला गेला, आणि सालच नसलेली नाणी बाहेर पडली.

आता लोक काय करतात? १९८२ नंतरचं जुनं गुलाबाचं नाणं घेतात, राणीच्या बाजूचाच फोटो टाकतात आणि ‘साल नाही’ लिहितात. साल मागे असतं! दुसरा प्रकार नव्या नाण्यावरचं साल घासून काढण्याचा. तिथे जागा रिकामी उरते आणि अक्षरांची मांडणी एका बाजूला कलते. खऱ्यात जुन्या ठशाची अक्षरं आपापल्या जागी असतात. ढाल आहे आणि साल दोन्ही बाजूंना नाही, हे नक्की करायला दोन्ही बाजूंचे फोटो लागतातच. विकणारा दुसरी बाजू दाखवत नसेल तर मी तिथेच थांबतो.

चकतीवेडा :
दुसऱ्या बाजूचा फोटो मागणं मला सुचलं नव्हतं, खरं सांगतो. भिंगवाली, तुमचं एवढं मानतो : आधी त्या देशाची दहा साधी नाणी, मग एररचा विचार. पण पहिल्याच वर्षी हजारोंचा एरर घ्यायला मी कोणालाही सांगणार नाही.

लेस्टरकर :
पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय. मूठभर साधी वीस पेन्स आणि दोन पौंडांची दहा-बारा नाणी घेऊन येतो. कडेची अक्षरं सुलटी-उलटी दोन्ही असतील त्यात. मित्रालाही बोलवा.