सिलिंड्रिकल नंबर: रात्रीचे दिवे उभेच का ओघळतात?

प्रश्न
वय २४. दोन्ही डोळ्यांना पहिल्यांदाच नंबर लागला: स्फेरिकल -०.५०, सिलिंड्रिकल -१.५०, अ‍ॅक्सिस १८०. चष्म्याशिवाय रात्री लांबचे दिवे वर-खाली ओघळलेले दिसतात, आडवे फारसे पसरत नाहीत. असं एकाच दिशेला का? शिवाय नवा चष्मा घातला की जमीन वर उचलल्यासारखी वाटते. काच चुकली असेल का?

प्रतिसाद १
या नंबरात दिवे उभेच ओघळणार. बुबुळावरचा पारदर्शक पडदा (पारपटल) चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असला की प्रकाश एका बिंदूत जुळतो. तुमच्या डोळ्यात उभ्या दिशेचा बाक जास्त आहे. स्फेरिकल नंबर सगळ्या दिशांना सारखा असतो, सिलिंड्रिकल (सिलिंडर) एकाच दिशेला; त्याची मांडणी अ‍ॅक्सिस अंशांत सांगतो, १८० म्हणजे आडवा. पण सिलिंडरची ताकद अ‍ॅक्सिसवर नसते, त्याच्या काटकोनात असते. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. म्हणजे आडव्या दिशेत तुमचा नंबर -०.५० आणि उभ्या दिशेत दोन्हींची बेरीज, -२.००. उभ्या दिशेतला प्रकाश दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या मागचा, चित्र उमटणारा पडदा) बराच अलीकडे जुळतो, आडव्यातला जेमतेम अलीकडे. म्हणून ठिपक्याची उभी रेघ होते.

चष्मा काढून लांबची देवनागरी पाटी बघा. शिरोरेषा फिकट, जाड होऊन अक्षरात उतरते, काना मात्र बऱ्यापैकी रेखीव राहतो. घ-ध, भ-म यांतला फरक बराचसा शिरोरेषेवरच, त्यामुळे तिथे वाचन अडतं. डोळे बारीक केले की सुधारतं, कारण पापण्या नेमकी उभी दिशाच अरुंद करतात. पण दिवसभर तसं बघितलं तर कपाळ दुखणारच.

प्रतिसाद २
जमिनीबद्दल: मायनस काचेच्या खालच्या भागातून बघितलं की वस्तू किंचित वर सरकलेली दिसते, आणि तुमच्या काचेची ताकद उभ्या दिशेतच जास्त आहे. सकाळी उठल्यापासून सलग घाला, घाल-काढ करू नका. साधारण एक-दोन आठवड्यांत मेंदूला सवय होते.

मात्र दाराची चौकट एका बाजूला कललेली दिसत असेल, तर अ‍ॅक्सिस तपासून घ्या. १.५० सिलिंडरची काच ५ अंश फिरली तरी सुमारे पाव नंबर शिल्लक राहतो, १० अंशांत अर्धा. ३० अंश फिरली तर काच असून नसल्यासारखी! काड्या उघडून चष्मा सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगला तर फ्रेम वाकली आहे. एका हाताने ओढून चष्मा काढणाऱ्यांच्या फ्रेमा अशाच वाकतात.

प्रतिसाद ३
वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. एक भर: दुसरीकडे तपासल्यावर -२.०० / +१.५० × ९० असं लिहून आलं तर घाबरू नका, तो हाच नंबर प्लस सिलिंडरमध्ये मांडलेला आहे.

व्यायामाने पारपटलाचा बाक बदलत नाही, त्यात वेळ घालवू नका. डोळे चोळायची सवय असेल तर ती आधी सोडा. सिलिंडर भराभर वाढत असेल, अ‍ॅक्सिस दर वेळी बदलत असेल किंवा चष्मा लावूनही स्पष्ट दिसत नसेल, तर नुसता नंबर बदलून घेऊ नका. पारपटल पातळ होऊन पुढे येण्याचा आजार, केराटोकोनस, याच वयात वाढतो. कॉर्नियल टोपोग्राफी (पारपटलाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) करून घ्या. तो लवकर सापडला तर क्रॉस-लिंकिंगने (पारपटल घट्ट करणारा उपचार) बहुतेकदा थोपवता येतो. गेलेला आकार मात्र पूर्ववत होत नाही.

प्रश्नकर्ता
चौकट सरळ दिसते, पण चष्मा टेबलावर डुगडुगतोय. आधी फ्रेम सरळ करून घेतो.