मदत हवी आहे : मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य का धरला जात नाही?

नमस्कार. मॉर्मन पंथ आणि मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती धर्म यांतील फरक अभ्यासताना मी एका ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला आणि त्यात बायबलच्या जोडीला ‘बुक ऑफ मॉर्मन’ही पवित्र मानले जाते, इथपर्यंत शंका नाही. पेच बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराचा आहे. पाण्यात उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा हात धरून मॉर्मन पुरोहित ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हेच शब्द उच्चारतो आणि त्याला पूर्ण बुडवून वर काढतो. तरीही २००१ मध्ये व्हॅटिकनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च केंद्राने, हा बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला. प्रोटेस्टंटांचा मात्र कॅथलिक चर्च सर्वसाधारणपणे मान्य करते.

कारण त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर असल्याच्या, सिद्धान्तात असावे. इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पिता आणि पुत्र यांचे तत्त्व एकच असल्याचे म्हटले, तर मॉर्मन श्रद्धेनुसार ती स्वतंत्र अस्तित्वे असून पित्यालाही हाडामांसाचे शरीर आहे. हा भेद मला मुळीच किरकोळ वाटत नाही. पण एरियस या चौथ्या शतकातील धर्मगुरूच्या अनुयायांनीही पुत्राला पित्याच्या बरोबरीचे मानले नव्हते, आणि चर्चमध्ये परतताना त्यांना साधारणपणे पुन्हा बाप्तिस्मा द्यावा लागत नसे. मग त्यांना मिळालेली सवलत मॉर्मन मंडळींना का नाही? निर्णय उच्चारलेल्या शब्दांवर ठरतो, की ते उच्चारणाऱ्याच्या मनातील ईश्वरकल्पनेवर? ईश्वरविज्ञानाचा अभ्यास असलेल्यांनी हे सविस्तर उलगडून सांगितल्यास मी ऋणी राहीन.