किटली छानच आहे म्हणतात, मग खाली वाटी कशाला?

सांगलीचा_पत्रा:
आमचं स्टीलच्या भांड्यांचं छोटं युनिट आहे. तेलाच्या किटलीचं नवं मॉडेल काढायचं म्हणून ओळखीच्या वीसेक घरी विचारलं, काही त्रास होतो का? सगळीकडे एकच उत्तर, "छान आहे की." परवा आत्याकडे गेलो, तर आमचीच किटली जुन्या वाटीत उभी. वाटीत पेपरची घडी, तेल पिऊन काचेसारखी झालेली. म्हटलं, आत्या, गळते का गं? "गळत कुठं, ओघळ येतो. तो सगळ्याच किटल्यांना येतो." बाकीच्यांना परत फोन लावले. अकरा घरांत खाली वाटी, बशी नाहीतर फडकं! मग लोकांना विचारायचं तरी कसं?

चष्मा_डोक्यावर:
विचारू नका. फोडणीच्या वेळी ओट्याशी उभे राहा. स्वयंपाकघरातल्या वस्तू करणाऱ्या अमेरिकेतल्या ऑक्सो कंपनीनं मापाच्या कपाबद्दल विचारलं, तर लोक म्हणाले फुटतो, हातातून निसटतो. मोजायला लावलं तेव्हा दिसलं: ओतायचं, वाकून बघायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा वाकायचं. वाकण्याची तक्रार कुणीच केली नव्हती. मग कपाच्या आत तिरपी पट्टी आली, आकडे वरूनच दिसायला लागले. ती कंपनीच मुळी 1990 साली निघाली ती सॅम फार्बरना बायकोचे संधिवाताचे हात सोलाण्याशी झगडताना दिसले म्हणून.

फिटर_काका:
ते राहू दे. तोटीची कड कशी करता?

सांगलीचा_पत्रा:
बाहेर गोल वळवतो काका, हाताला लागू नये म्हणून.

फिटर_काका:
तिथंच घोळ आहे. बारीक धार सोडताना तेल गोल कडेला धरून राहतं आणि तोटीच्या पोटाखालून मागं येतं. कड पातळ ठेवा, टोक जरा खाली झुकवा, धार तुटेल. लागायची भीती असेल तर तोटीच्या बुडाशी पन्हळ करा, तिला आत भोक. ओघळ परत किटलीत.

चकलीचा_सोऱ्या:
काका, ती पन्हळ घासणार कोण? बोट जात नाही, घासणी जात नाही, महिन्याभरात पिवळा चिकट थर. माझी तसली किटली दोन वर्षं माळ्यावर पडलीय.

सांगलीचा_पत्रा:
ताई, तिचा फोटो टाकाल का? घासू नका, आहे तशीच.